आगामी प्रदर्शनाची गोडी

कुठल्याही आधुनिक कलासंग्रहालयाच्या दाराशी एक फलक असतो आणि त्यावर दोन रकाने असतात : 'सध्या चालू' आणि 'आगामी'. हा फलक नीट वाचणाऱ्याच्या एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. चालू प्रदर्शन बरं असतं. आगामी प्रदर्शन थोर असतं. चालू प्रदर्शनाला गर्दी असते किंवा नसते (दोन्हींचा त्रासच), त्याचा एक मजला तांत्रिक कारणास्तव बंद असतो आणि ज्या चित्रासाठी माणूस एवढा आला ते नेमकं परगावच्या प्रदर्शनाला उसनं गेलेलं असतं. आगामी प्रदर्शनात यातलं काहीही घडत नाही. लग्नपत्रिकेचं आणि लग्नाचं जे नातं, तेच इथे. पत्रिकेत कुलदेवता प्रसन्न असते, दोन्ही घराणी आनंदात असतात आणि 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' असा चिमुकल्यांचा आग्रह असतो; प्रत्यक्ष लग्नात तिसऱ्या पंगतीपर्यंत मठ्ठा संपलेला असतो. कोणी म्हणेल, हा माणसाचा स्वभावच आहे, न आलेल्या पाहुण्याचं कौतुक जास्त. पण आधुनिक कलेच्या बाबतीत कारण याहून खोल आहे, असं माझं म्हणणं आहे. नाटक, जेवण किंवा क्रिकेटचा सामना यांची जाहिरात ही त्या गोष्टीची नुसती वर्दी असते. आधुनिक कलेत मात्र गेली साठ-सत्तर वर्षं शब्द हाच मूळ माल झाला आहे आणि वस्तू ही त्या मालासोबत मिळालेली पिशवी. आगामी प्रदर्शन म्हणजे निव्वळ मजकूर, वस्तूची भेसळ नसलेला. ते चालू प्रदर्शनापेक्षा सरस निघणारच.

आधी हा मजकूरच पाहू. त्याची एक ठरलेली रीत असते. प्रदर्शन स्वतः काही 'दाखवत' नाही. दाखवणं हे साडीच्या दुकानातल्या माणसाचं काम. प्रदर्शन 'प्रश्न उपस्थित करतं', 'धांडोळा घेतं', 'अधोरेखित करतं' आणि तब्येत फारच चांगली असेल तर 'संवाद साधतं'. कोणाशी, ते विचारू नये; बहुधा 'अवकाश' आणि 'स्मृती' हे दोघे आपापसात साधत असतात आणि आपण मध्ये खोकलो तरी त्यांना खपत नाही. उपस्थित केलेल्या प्रश्नाचं उत्तर कोणी द्यायचं, तेही कळत नाही. विधानसभेत मंत्री निदान माहिती घेऊन सांगतो असं तरी म्हणतो. या मजकुरात लोखंडाचा पत्रा हा कधी नुसता पत्रा नसतो, तो औद्योगिक काळाचा साक्षीदार असतो. दोरी नात्यांचं रूपक असते. आणि कॅनव्हासच्या ज्या कोपऱ्यापर्यंत रंग पोचलेला नाही, तिथे मौन असतं. एवढं वाचून माणूस वस्तूसमोर उभा राहिला की वस्तूच ओशाळते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एका कलाकृतीपुढे किती वेळ थांबतात, याची एक पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली. सरासरी २७ सेकंद. त्यातही निम्म्या लोकांनी १७ सेकंदांतच काढता पाय घेतला होता, आणि या कलाकृती तर जुन्या, नावाजलेल्या होत्या. सिग्नलला थांबलेला माणूस पुढच्या रिक्षाची पाठ याहून जास्त वेळ वाचतो. अर्थात रिक्षाच्या पाठीवर मजकूर असतो.

हे सगळं चेष्टेचं वाटेल, पण पुरावा कलावंतांनीच मागे ठेवला आहे. १९५८ साली पॅरिसमध्ये ईव्ह क्लाइनने इरिस क्लेर यांच्या छोट्या गॅलरीतलं सामान बाहेर काढलं, भिंतींना पांढरा रंग दिला आणि त्या रिकाम्या खोलीचं प्रदर्शन भरवलं. आत काही नव्हतं, पण बाहेरची तयारी एखाद्या संस्थानिकाच्या घरच्या कार्याला शोभेल अशी होती : निमंत्रणावर क्लाइनच्या खास निळ्या रंगाचं तिकीट, दाराला निळा पडदा, पडद्यापाशी गणवेशातले शिपाई आणि आलेल्यांना निळं पेय. गर्दी रस्त्यावर आली. ते पेय प्यायलेल्यांना घरी गेल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळीही, निळ्या रंगाचा प्रत्यय येत राहिला असं सांगतात. प्रदर्शनातली तेवढीच एक वस्तू लोक सोबत घेऊन गेले म्हणायचे. पुढे १९६९ साली रॉबर्ट बॅरी या अमेरिकन कलावंताने खोली रिकामी करण्याचेही कष्ट वाचवले. त्याने निमंत्रणातच कळवलं की प्रदर्शनाच्या काळात गॅलरी बंद राहील. एवढंच प्रदर्शन. (दुपारी एक ते चार या वेळात हीच कलाकृती पुण्याच्या दुकानदारांनी पिढ्यान्‌पिढ्या सादर केली, पण त्यांची दखल कोणी कॅटलॉगात घेतली नाही.) आणि या परंपरेवर कळस चढला २००९ साली. पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्राने रिकाम्या प्रदर्शनांचं सिंहावलोकन भरवलं. क्लाइनपासून पुढे नऊ कलावंतांनी वेगवेगळ्या काळी मोकळ्या ठेवलेल्या खोल्या पुन्हा एकदा मोकळ्या ठेवून दाखवल्या. ही खोली अमक्याची रिकामी, ती तमक्याची रिकामी. फरक ओळखायचा तर पाटी वाचण्यावाचून गत्यंतर नाही. खोल्यांत काही नव्हतं आणि सोबतचा ग्रंथ पाचशेहून जास्त पानांचा होता. बोलाची कढी इतक्या मोठ्या पातेल्यात दुसरीकडे कुठे शिजली असेल असं वाटत नाही.

बरं, खोलीत वस्तू असली तरी हिशेब बदलत नाही. मायकेल क्रेग-मार्टिन याची १९७३ सालची 'एक ओकवृक्ष' ही कलाकृती घ्या. भिंतीवर काचेची फळी, फळीवर पेलाभर पाणी आणि शेजारी छापील प्रश्नोत्तरं. त्यांत कलावंत शांतपणे पटवून देतो की हा पेला आता पेला राहिलेला नाही, त्याचा पूर्ण वाढलेला ओकवृक्ष झाला आहे. दिसतो मात्र पेल्यासारखा. ही कलाकृती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने घेतली आणि ती तिथल्या बंदरात पोचली तेव्हा कस्टमवाल्यांनी अडवली. कागदावर झाड लिहिलंय, परदेशी झाडाला देशात येऊ देता येत नाही! शेवटी कलावंताला अधिकाऱ्यांपुढे कबूल करावं लागलं की साहेब, हा पाण्याचा पेला आहे. कलेच्या इतिहासात मजकुरावर इतका गाढ विश्वास दुसऱ्या कोणी ठेवलेला नाही. समीक्षकांना जे साधलं नाही ते एका कस्टम कचेरीने केलं. याच्या उलट अमेरिकेचे कस्टमवाले. १९२६ साली ब्रांकुशी या शिल्पकाराचा 'अवकाशातला पक्षी' हा चकचकीत धातूचा उंच तुकडा त्यांच्यासमोर आला. त्यांनी सगळीकडून पाहिला, पंख दिसेनात, चोच दिसेना, तेव्हा स्वयंपाकाची भांडी आणि दवाखान्याचं साहित्य या सदरात घालून ४० टक्के जकात लावली. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९२८ साली न्यायालयाने निकाल दिला की हे शिल्पच आहे. धातू तोच, उंची तीच. बदललं ते फक्त रजिस्टरातलं सदर, आणि त्याबरोबर जकात गेली.

पिएरो मांझोनी या इटालियन कलावंताने १९६१ साली तर या धंद्याचं मर्मच डब्यात भरलं. त्याने नव्वद डबे सीलबंद केले आणि त्यांवर चार भाषांत छापलं की आत कलावंताची तीस ग्रॅम विष्ठा आहे, ताजी आणि उत्तम टिकवलेली. भाव लावला सोन्याच्या वजनाने. आत खरोखर तेच आहे की प्लास्टर, यावर वाद आहे. पण खात्री करायची तर डबा फोडावा लागतो आणि डबा फोडला की किंमत जाते. म्हणजे विकत घेतलेली वस्तू न पाहणं हाच किमतीचा आधार, आणि पाहता येतं ते फक्त लेबल. कात्तेलान या कलावंताच्या केळ्याने यावर ताण केली. भिंतीला चिकटपट्टीने लावलेलं हे केळं २०२४ साली लिलावात ६२ लाख डॉलरला गेलं. विकत घेतलेलं असतं ते प्रमाणपत्र आणि मांडणीच्या सूचना : जमिनीपासून किती उंचीवर लावायचं, किती दिवसांनी बदलायचं. केळं ज्याने त्याने बाजारातून आणायचं. लिलावातलं केळं न्यूयॉर्कच्या रस्त्यावरल्या फळगाडीवरून ३५ सेंटला आणलेलं होतं. घेणाऱ्याने ते कॅमेऱ्यांसमोर सोलून खाल्लं. संग्रहाचं काडीइतकंही नुकसान झालं नाही, कारण कागद शाबूत होता.

आता मजकूर नसला तर काय होतं, तेही पाहावं. नेदरलँड्समधल्या लिस गावच्या एका संग्रहालयात २०२४ साली बिअरचे दोन डबे ठेवले होते. फ्रेंच कलावंताने ते ॲक्रिलिक रंगांनी हाताने, बारीक निगुतीने रंगवलेले होते. ठेवले होते लिफ्टपाशी, जणू कामगार पिऊन तिथेच टाकून गेलेत. लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाला ते पटलं. त्याने डबे उचलून कचऱ्यात टाकले. इटलीत बोल्झानोच्या संग्रहालयात २०१५ साली शॅम्पेनच्या रिकाम्या बाटल्या, कागदी पताका आणि सिगरेटची थोटकं यांचं मांडणशिल्प सकाळी सफाईवाल्यांनी झाडून पोत्यांत भरलं. अशा बातम्यांवर लोक हसतात आणि म्हणतात, खरा समीक्षक सफाई कामगारच. मला हे पटत नाही. लिफ्टवाल्याने कलेवर कसलंही मत दिलं नाही. त्याच्या नजरेला शेजारी पाटी पडली नाही, एवढंच. पाटी दिसली असती तर तोही वाकून, हात पाठीमागे बांधून, सतरा सेकंद उभा राहिला असता. याचा उलटा पडताळा २०१६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कलासंग्रहालयात मिळाला. एका शाळकरी मुलाने गंमत म्हणून भिंतीखाली जमिनीवर चष्मा ठेवला. जागा अशी निवडली की चष्मा कलाकृतीच वाटावा. थोड्याच वेळात लोक जमले आणि एकाने तर आडवं पडून फोटो काढला. मुलाने वस्तूला कलेचा पत्ता दिला आणि पाहणाऱ्यांनी मजकूर मनातल्या मनात स्वतः लिहून घेतला.

इथे जाणकार म्हणतील, ही सगळी टवाळ उदाहरणं झाली. रंगरेषांच्या खऱ्याखुऱ्या चित्रासमोर डोळेच कामाला येतात. तसं असतं तर बरं झालं असतं. १९६१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात मातिसचं 'होडी' हे कागद कापून केलेलं चित्र ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं. होडी खाली, तिचं पाण्यातलं प्रतिबिंब वर. अंदाजे १ लाख १६ हजार माणसं समोरून गेली. चूक पकडली ती एका शेअर दलाल बाईंनी, आणि त्यांनीही खात्री केली ती कॅटलॉग विकत घेऊन, त्यातल्या छापील चित्राशी ताडून. पहारेकऱ्याने त्यांचं ऐकून घेतलं नाही. वर्तमानपत्राला कळल्यावर होडी सुलटी झाली. चित्र उलटं लागलं कसं? तर मागच्या बाजूला चिकटवलेल्या चिठ्ठ्याच उलट्या होत्या. माणसं चित्र टांगत नाहीत, चिठ्ठी टांगतात आणि चित्र तिच्या पाठीला चिकटून वर जातं. मोंद्रियानचं चिकटपट्ट्यांचं एक चित्र तर १९४५ पासून उलटंच आहे, असं ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात २०२२ साली लक्षात आलं. आता ते सुलटं करणार नाहीत. इतक्या वर्षांत पट्ट्या सैल झाल्या आहेत, फिरवलं तर सुटून खाली येतील. आपल्याकडे एखाद्या पुतळ्याचं तोंड चुकीच्या दिशेला बसलं तर मोर्चे निघतात. त्या मानाने युरोप सहनशील.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : चित्राला शब्दांची जोड ही काय आधुनिकांनी काढली? नाही, मुळीच नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या चित्र समोर धरून रामायण-महाभारताच्या कथा सांगत आले. चित्रांच्या गठ्ठ्याला ते पोथी म्हणतात. म्हणजे चित्र पाहायचं नसतं, वाचायचं असतं, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. पण चित्रकथ्याच्या मजकुराला एक धाक होता. समोर माणसं बसलेली असायची. कथा रंगली नाही तर ती उठून जात आणि सुपातलं धान्य घरीच राहत असे. त्यामुळे त्याच्या तोंडी राक्षस आला की तो राक्षसच असे, 'सत्तेच्या उतरंडीचं विरूपण' होत नसे. भिंतीवरच्या मजकुराला असा कसलाच धाक नाही. त्याच्यासमोरून माणूस उठून जाऊ शकत नाही, कारण बसायला जागाच नसते. आणि तिकिटाचे पैसे आधीच घेतलेले असतात.

तिसरे येतात ते कलेच्या इतिहासाचे अभ्यासक. त्यांचं म्हणणं, अहो, शब्द हाच माल झाला यात नवल काय? संकल्पना हीच कलाकृती, असं कलावंतांनी स्वतः उघड सांगितलेलं आहे. अगदी मान्य; माझा दावा तरी दुसरा कुठे आहे? पण मग शब्दांचा हिशेब शब्दांच्या तराजूत व्हायला हवा. बॅरीचं अख्खं प्रदर्शन एका ओळीत बसतं आणि ती ओळ वाचून हसू येतं, मग थोडा वेळ येत नाही. रॉशनबर्ग या कलावंताने १९५३ साली डी कूनिंग या चित्रकाराकडून एक रेखाचित्र मागून घेतलं, महिनाभर खपून ते खोडलं आणि त्या जवळजवळ कोऱ्या कागदाची तसबीर केली. चौकटीतली अक्षरं त्याचा मित्र जॅस्पर जॉन्सने काढली : चित्राचं नाव, कलावंताचं नाव, साल. त्या तसबिरीत वाचता येण्यासारखं एवढंच आहे, आणि तेवढं पुरतं. पाटीच चौकटीच्या आत येऊन बसलेली आहे. ही माणसं शब्द मोजून वापरत, तार करणाऱ्यासारखी. संस्थेच्या मजकुरात हीच गोष्ट हरवली. कलावंताची ओळ म्हणजे पैज असते. संस्थेचा परिच्छेद म्हणजे विमा. वाटेल ते झालं तरी आपण काही ठाम बोललो असं सिद्ध होऊ नये, याची काळजी त्यातलं प्रत्येक क्रियापद घेत असतं. मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९९६ पासून ज्या वास्तूत आहे तो सर कावसजी जहांगीर हॉल. त्याआधी तिथे मैफली झाल्या, सभा झाल्या, मुष्टियुद्धाचे सामने झाले, लग्नाचे स्वागतसमारंभ झाले आणि चामड्याच्या वस्तूंचे सेलही लागले. त्या काळातल्या दारावरच्या कापडी फलकांची बरोबरी आजचा मजकूर करू शकणार नाही. सेलच्या फलकाला चपला अस्सल चामड्याच्या आहेत की नाही, हे एका वाक्यात सांगावं लागे, आणि चप्पल 'चालण्याच्या कृतीला प्रश्नांकित करते' असं म्हणून सुटका नव्हती.

एवढं सगळं म्हटल्यावर एक साक्षीदार मात्र माझ्या बाजूने उभा राहत नाही, आणि त्याला लपवणं बरं नव्हे. वासुदेव गायतोंडे. १९२४ साली नागपुरात जन्मलेले, जे. जे.मधून १९४८ साली बाहेर पडलेले, पुढे दिल्लीत एका खोलीत राहून वर्षाला मोजकीच चित्रं करणारे. त्यांच्या बहुतेक चित्रांना नाव नाही. अर्थ विचारला तर ते फारसं बोलत नसत. 'अमूर्त' हा शब्दही त्यांना नको होता. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, मराठीत त्यांच्यावर जाडजूड ग्रंथ निघाला, लिलावात त्यांची चित्रं कोटींनी जाऊ लागली. या तिन्ही ठिकाणी मजकुराची कमतरता नव्हती. तरीही त्या पिवळ्या-तपकिरी थरांपुढे उभं राहिलेल्या माणसाला मजकूर आठवत नाही. रोलरने पसरलेला आणि कागदाने टिपून घेतलेला तो रंग आतून उजेड पडल्यासारखा दिसतो आणि सतरा सेकंद कधीच उलटून गेलेले असतात. मी याला अपवाद म्हणून मोकळा होऊ शकलो असतो. पण खरं सांगायचं तर मघाशी ज्या 'मौन' या शब्दाची थट्टा केली, तो शब्द कोणी कोणाकडून उचलला असावा याचा इथे संशय येतो. जिथे तो होता तिथून काढून, जिथे रंग पोचला नाही तिथे चिकटवला. चोरी झाली म्हणून मालकाकडे माल नव्हता असं होत नाही. तेव्हा माझ्या सिद्धान्ताला गायतोंड्यांएवढं भोक आहे, आणि ते बुजवायचा माझा विचार नाही.

राहता राहिलं काळाघोड्यावरचं जहांगीर कलादालन. तिथे 'आगामी' या शब्दाचा अर्थ अगदी निराळा आहे. चित्रकारांना तिथली तारीख मिळायला वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. 'जहांगीर मिळालं' हे वाक्य चित्रकाराच्या घरी मुलीचं लग्न ठरल्याच्या आवाजात बोललं जातं. एवढ्या वर्षांत शैली बदलते, गुडघे बदलतात, पण तारीख तीच राहते. असा चित्रकार आपल्या प्रदर्शनाबद्दल एक परिच्छेद लिहून घेतो तेव्हा त्यातली 'काळ' आणि 'प्रतीक्षा' ही रूपकं नसतात, तो पत्रव्यवहाराचा गोषवारा असतो. त्याला हसवत नाही.

हसायचंच असेल तर पुन्हा पॅरिसला जावं. रिकाम्या खोल्यांचं सिंहावलोकन भरवणारं पॉम्पिदू केंद्र २०२५ साली मोठ्या दुरुस्तीसाठी बंद झालं. २०३० साली उघडेल असं ठरलं आहे. म्हणजे मजल्यामागून मजला रिकामा, प्रदर्शनाच्या काळात गॅलरी बंद, आणि जे काही आहे ते सगळं आगामी. क्लाइन आणि बॅरी यांचं एवढं भव्य संयुक्त प्रदर्शन पुन्हा होणे नाही. ते भरलं आहे हेच अजून कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही, कारण दारावर पाटी आहे ती बांधकामाची.